सगळ्या मेथड सिंक्रोनाइज्ड केल्या, तरी एका खुर्चीची दोन तिकिटं!

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ९:४१

मंडळी, मदत हवी आहे. नाटकांच्या तिकीट बुकिंगचं बॅकएंड माझ्याकडे आहे. जावा १७, स्प्रिंग बूट. एका प्रयोगाची सगळी आसनं एका क्लासमध्ये, आत साधा हॅशमॅप: खुर्चीचा नंबर आणि तिची अवस्था. मुख्य मेथड दोनच. नावं इथे मराठीत देतो: रिकामी_आहे_का(खुर्ची) आणि बुक_कर(खुर्ची, ग्राहक). दोन्हींना सिंक्रोनाइज्ड लावलेलं आहे, म्हणजे एका वेळी एकच थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारं एक काम) लॉक घेऊन आत जाणार. बुकिंगचा कोड आधी पहिली मेथड कॉल करतो, "हो" आलं की पेमेंट गेटवेकडे जातो, पैसे जमा झाले की दुसरी मेथड. मग डेटाबेसमध्ये ओळ पडते.

रविवारी दुपारी चारच्या प्रयोगाला फ-१२ वर दोघं जण हजर. दोघांच्या मोबाईलवर आमचाच क्यूआर कोड, दोन्ही अस्सल. डोअरकीपरने एकाला बाल्कनीत बसवलं. पहिला अंक संपेपर्यंत त्या गृहस्थांनी सोशल मीडियावर आमचा यथेच्छ उद्धार केला होता.

आमचे लीड म्हणतात, "कुठेतरी सिंक्रोनाइज्ड राहून गेलं असेल, सगळीकडे लाव." लावलं. लॅपटॉपवर २०० थ्रेड सोडून टेस्ट केली तर कधी पास, कधी नापास.

तर प्रश्न असे, की दोन्ही मेथडना लॉक असताना हे होतंच कसं? आणि पूर्ण बुकिंगला बाहेरून एकच लॉक लावलं तर एकजण ओटीपी शोधत बसेल तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळतील. मग करायचं काय?

निद्रानाश_४०४ | सोमवार, रात्री ९:४४

मी पहिला! पुढच्या रांगेतली खुर्ची माझी.

पॉपकॉर्नवाला | सोमवार, रात्री ९:४४

मी पहिला! पुढची खुर्ची धरून ठेवतोय.

निद्रानाश_४०४ | सोमवार, रात्री ९:४६

धागाकर्त्याला रेस कंडिशन (दोघं एकाच वेळी एकाच गोष्टीवर धावल्याने होणारा घोळ) समजावून सांगायची आता गरजच उरली नाही. हहपुवा.

मृण्मयी_ज | सोमवार, रात्री १०:०२

@तिसरी_घंटा, तुमच्या दोन्ही मेथड आपापल्या जागी बरोबर आहेत. भोक त्यांच्या मधल्या जागेत आहे. असं बघा:

थ्रेड क विचारतो, फ-१२ रिकामी आहे का? लॉक घेतलं, उत्तर "हो", लॉक सोडलं.
थ्रेड ख विचारतो, फ-१२ रिकामी आहे का? लॉक घेतलं, उत्तर "हो", लॉक सोडलं. हेही खरंच आहे, कारण अजून कोणी बुक केलेली नाही.
क पैसे भरून बुक करतो. ख पैसे भरून बुक करतो. हॅशमॅपमध्ये ख चं नाव क च्या नावावर बसतं, कुठेही एरर नाही.

प्रत्येक कॉलला लॉक मिळालं होतं. पण "रिकामी आहे" हे उत्तर लॉक सुटल्याक्षणी शिळं होतं आणि तुम्ही त्या शिळ्या उत्तरावर व्यवहार करताय. लीडचं ऐकून अजून पन्नास मेथडना सिंक्रोनाइज्ड लावलंत तरी फरक पडणार नाही. आधी कागदावर एक वाक्य लिहा: "एका प्रयोगात एक खुर्ची जास्तीत जास्त एका ग्राहकाची." हे वाक्य खरं राहावं म्हणून जे तपासायचं आणि जे बदलायचं, ते दोन्ही एकाच लॉकखाली, मध्ये लॉक न सोडता व्हायला हवं. म्हणजे मेथड एकच: रिकामी_असेल_तर_धर(). ती खरं किंवा खोटं परत देईल. नुसतं "आहे का" विचारणारी मेथड स्क्रीनवर हिरवे-लाल चौकोन दाखवण्यापुरती ठेवा, तिच्या उत्तरावर पैसे घेऊ नका.

हॅशमॅपच्या जागी कॉन्करंट हॅशमॅप घेतलात तर त्यातली पुट-इफ-ॲब्सेंट (आधी नसेल तरच लिही) हेच काम एका फटक्यात करते. पण तिथेही आधी गेट (वाच) आणि मग पुट (लिही) असं लिहिलंत तर ये रे माझ्या मागल्या.

ओंकार_डी | सोमवार, रात्री १०:१०

मृण्मयीताईंशी सहमत. मी अजून पुढे जाईन. पूर्ण प्रयोगाला एक लॉक कशाला? प्रत्येक खुर्चीला स्वतःचं लॉक द्या. क-१ घेणाऱ्याने फ-१२ वाल्यासाठी का थांबावं?

सेगफॉल्ट_सातारकर | सोमवार, रात्री १०:३१

वरचं सगळं बरोबर, पण एक गोष्ट सुटतेय. धागाकर्त्याने "मुख्य मेथड दोनच" असं म्हटलंय. म्हणजे बिनमहत्त्वाच्याही काही आहेत. त्यांचं काय? "किती तिकिटं खपली" दाखवणारी एखादी मेथड असेल आणि ती लॉक न घेता हॅशमॅपवरून फिरत असेल, तर ते म्हणजे बाथरूमला दोन दारं असून एकालाच आतून कडी लावण्यासारखं आहे.

लोकांना वाटतं, आपण नुसतं वाचतोय, वाचायला लॉक कशाला. पण लागतं, आणि त्याची कारणं दोन. एक, लॉकने फक्त रांग लागत नाही. लॉक सोडण्याआधी केलेले बदल, तेच लॉक नंतर घेणाऱ्याला दिसतील अशी हमी जावाची मेमरी मॉडेल देते. लॉक न घेता वाचणाऱ्याला ती हमी नाही, त्याला जुना आकडा कितीही वेळ दिसू शकतो. दोन, लिहिणारा अर्ध्यावर असताना तुम्ही आत डोकावलात तर काय दिसेल सांगता येत नाही. जावा ७ आणि त्याआधीच्या हॅशमॅपची गंमत जुन्या लोकांना आठवत असेल: दोन थ्रेडनी एकाच वेळी मॅप मोठा करायला घेतला की आतली लिंक्ड लिस्ट स्वतःलाच गोल जोडली जायची. मग पुढचा जो कोणी गेट करेल तो त्या गोलात कायमचा फिरत राहायचा. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये ओळ, फक्त सीपीयू १०० टक्के. जावा ८ मध्ये मॅप मोठा करायची पद्धत बदलली. तरी साधा हॅशमॅप थ्रेडसाठी सुरक्षित झालेला नाही.

रच्याकने, तारीख छापायला सिंपल-डेट-फॉरमॅटचा एकच स्टॅटिक ऑब्जेक्ट सगळे थ्रेड वापरत असतील तर तेही बघून घ्या. तिकिटावर भलतीच तारीख छापून येईल आणि पुन्हा बाल्कनी शोधावी लागेल.

डीबीए_काका | सोमवार, रात्री १०:३५

एकच प्रश्न. हे ॲप्लिकेशन किती सर्व्हरवर चालतं?

जुनं_खोड | सोमवार, रात्री ११:०८

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही.

लॉक हातात असताना बाहेरच्या जगाशी बोलायचं नाही. पेमेंट गेटवे, ईमेल, एसएमएस, दुसऱ्या टीमची सर्व्हिस, काहीही. तिकडून उत्तर कधी येईल ते तुमच्या हातात नाही. गेटवेला तीस सेकंद लागले तर तीस सेकंद अख्खं थिएटर बंद. आमच्याकडे एका प्रोजेक्टमध्ये लॉगर लॉकच्या आत होता आणि लॉग नेटवर्कवरच्या डिस्कवर जायचे. डिस्क अडकली की दीडशे थ्रेड त्या एका ओळीवर. थ्रेड डंप (कोणता थ्रेड कुठे अडकलाय त्याची यादी) काढला तेव्हा दिसलं, नाहीतर सगळे डेटाबेसलाच शिव्या देत होते.

तुमच्या केसमध्ये खुर्चीला दोन नाही, तीन अवस्था हव्यात: रिकामी, धरलेली, विकलेली. क्लिक केल्यावर लॉक घ्या, रिकामी असेल तर "धरलेली, अमक्यासाठी, अमुक वाजेपर्यंत" असं लिहा, लॉक सोडा. मग ग्राहक निवांत ओटीपी शोधू दे. पैसे आले की पुन्हा लॉक घ्या, अजून त्याच्याच नावावर धरलेली आहे ना बघा, मगच विकलेली करा. मुदत उलटली असेल आणि दुसऱ्याने धरली असेल तर पैसे परत. ही शेवटची वाट बहुतेक लोक लिहीतच नाहीत.

म्हणजे ग्राहकासाठी खुर्ची आठ-दहा मिनिटं अडलेली, पण लॉक मात्र काही मायक्रोसेकंदच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बोरीबंदर_लोकल | मंगळवार, सकाळी ८:५२

लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचतोय. इंटरव्ह्यूची तयारी चालू आहे म्हणून विचारतो: म्यूटेक्स आणि बायनरी सेमाफोर यात फरक काय? काल मी "एकच" असं सांगून आलोय.

निद्रानाश_४०४ | मंगळवार, सकाळी ९:०१

कालचा इंटरव्ह्यू विसरा, पुढच्याची तयारी करा.

खानदेशी_कर्नल | मंगळवार, सकाळी ९:४०

@बोरीबंदर_लोकल, फरक मालकीचा आहे. म्यूटेक्स म्हणजे लॉकच, ज्याने घेतलं त्यानेच सोडायचं. सेमाफोर हा नुसता मोजणारा आकडा, एकाने कमी करायचा, दुसऱ्याने वाढवला तरी चालतो. सेमाफोर डायक्स्ट्रा यांनी साठच्या दशकात आणला.

मालकी असली की काय फायदा होतो त्याचं उदाहरण मंगळावरचं आहे. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला उतरलं आणि थोड्याच दिवसांत स्वतःहून रीसेट व्हायला लागलं. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्कने एक म्यूटेक्स धरलेलं असायचं. माहितीची बस (यानातली माहिती वाहून नेणारी वाट) सांभाळणारं जास्त प्राधान्याचं टास्क त्यासाठी खोळंबलेलं. आणि तेवढ्यात मधल्या प्राधान्याची टास्क उठून सीपीयू घेऊन बसायची. त्यामुळे कमी प्राधान्यवाल्याला पुढे सरकताच येईना, म्हणून म्यूटेक्स सुटेना, म्हणून मोठा साहेब ताटकळत. सिस्टीम वेळेवर चालते ना हे बघणाऱ्या वॉचडॉगला वाटलं सिस्टीम मेली, केला रीसेट.

यानाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, म्हणजे व्हीएक्सवर्क्समध्ये, म्यूटेक्सला प्रायॉरिटी इनहेरिटन्सची सोय होती, पण त्या म्यूटेक्सला ती चालू केलेली नव्हती. चालू केली की लॉक धरणाऱ्याला तात्पुरतं थांबलेल्याचं प्राधान्य मिळतं. आता प्राधान्य द्यायचं तर मालक कोण हे माहीत हवं ना? सेमाफोरला मालकच नाही, देणार कोणाला? इंजिनीयरांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर बिघाड पुन्हा घडवून दाखवला आणि ती सेटिंग इथून बदलली. इंटरव्ह्यूत हे सांगा.

बोरीबंदर_लोकल | मंगळवार, सकाळी ९:४८

दंडवत. दादरला उतरायचं राहिलं.

अजगर_पाळलेला | मंगळवार, सकाळी ११:१५

तुम्हा जावावाल्यांची काळजी वाटते. आमच्या पायथॉनमध्ये जीआयएल (अख्ख्या इंटरप्रिटरला एकच लॉक) आहे, एका वेळी एकच थ्रेड चालतो, लॉकची भानगड नाही.

मृण्मयी_ज | मंगळवार, सकाळी ११:३२

@अजगर_पाळलेला, जीआयएल इंटरप्रिटरचा आतला डेटा सांभाळतं, तुमचा नाही. "शिल्लक मधून एक वजा कर" या एका ओळीचे आत अनेक बाइटकोड होतात: वाच, वजा कर, परत लिही. मध्येच थ्रेड बदलू शकतो. आणि मी वर लिहिलेला क आणि ख चा किस्सा तर एका वेळी एकच थ्रेड चालत असतानाही जसाच्या तसा घडतो. त्याला दोन कोअर लागतच नाहीत.

शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ पासून जीआयएल नसलेली पायथॉनची बिल्ड मिळते, तेव्हा प्रायोगिक होती, ३.१४ मध्ये अधिकृतपणे मान्य झाली. तेव्हा लॉक शिकून ठेवा.

गंजलेला | मंगळवार, दुपारी १२:०५

रस्टमध्ये हा प्रॉब्लेमच…

पॉपकॉर्नवाला | मंगळवार, दुपारी १२:०६

आले! मी कालपासून वाट बघत होतो.

गंजलेला | मंगळवार, दुपारी १२:१४

हसा. पण रस्ट या भाषेत म्यूटेक्सच्या पोटातच डेटा असतो. लॉक घेतल्याशिवाय आतल्या मॅपला हात लावता येत नाही, कंपायलर अडवतो. सातारकरांची ती दुसऱ्या दाराची तक्रार तिथे उद्भवतच नाही. जावात कुठलं लॉक कुठल्या डेटाचं हे फक्त कमेंटमध्ये किंवा सिनियरच्या डोक्यात.

सेगफॉल्ट_सातारकर | मंगळवार, दुपारी १२:४०

@गंजलेला, डेटाभोवती लॉक ही कल्पना उत्तम, वादच नाही. पण धागाकर्त्याची चूक रस्टमध्येही आरामात करता येईल: लॉक घे, विचार, सोड, लॉक घे, बुक कर, सोड. कंपायलर एक अक्षर बोलणार नाही. डेडलॉकबद्दलही (दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकणं) तो गप्पच असतो.

खानदेशी_कर्नल | मंगळवार, दुपारी २:२०

डेडलॉकवरून आठवलं, @ओंकार_डी यांच्या खुर्चीगणिक लॉकला माझा विरोध आहे.

नाटकाला कोणी एकटं येत नाही. जोशी कुटुंब फ-१२ आणि फ-१३ निवडतं, त्याच क्रमाने. कुलकर्णी उलटीकडून क्लिक करतात: फ-१३, मग फ-१२. जोशींच्या थ्रेडने १२ चं लॉक घेतलं, कुलकर्ण्यांच्या थ्रेडने १३ चं. आता दोघंही दुसऱ्याच्या लॉकसाठी थांबलेले, आणि हातातलं कोणी सोडत नाही. प्रयोग संपून पडदा पडला तरी हे दोन थ्रेड तिथेच.

कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्येच डेडलॉकच्या चार अटी मांडल्यात: वस्तू एका वेळी एकाचीच, एक धरून दुसरीसाठी थांबणं, हिसकावून घेता न येणं, आणि वर्तुळात थांबणं. चारही जमल्या तरच अडकतं, एक मोडली की सुटका. सर्वात स्वस्तात मोडते ती शेवटची: सगळ्यांनी लॉक एकाच क्रमाने घ्यायची. ग्राहकाने कुठल्याही क्रमाने क्लिक करू दे, तुम्ही यादी सॉर्ट करून मगच लॉक घ्या. स्ट्रिंग म्हणून सॉर्ट केल्यावर फ-१० हे फ-९ च्या आधी आलं तरी बिघडत नाही, क्रम सगळीकडे तोच असला की झालं.

पण मुळात हवंय कशाला? मॅपमध्ये बघून एक अवस्था बदलायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ. एका नाट्यगृहात खुर्च्या किती, हजारच्या आसपास. प्रयोगाला एक लॉक ठेवलंत तर रांग लागलेली कळणारही नाही. लिनक्सने १९९६ मध्ये २.० पासून एकापेक्षा जास्त सीपीयू चालवायला सुरुवात केली ती कर्नलभर एक मोठं लॉक घेऊन. मग वर्षानुवर्षं ते तुकड्यातुकड्याने काढत गेले आणि शेवटचा अंश २०११ मध्ये २.६.३९ ला गेला. आधी मोठं लॉक, मग मोजमाप, मग फोडाफोडी. मोजण्याआधी फोडू नका.

ओंकार_डी | मंगळवार, दुपारी २:४५

कर्नलसाहेब, सॉर्ट करून घेतलं तर खुर्चीगणिक लॉकही चालेल, हे तुम्हीच मान्य केलंत की.

खानदेशी_कर्नल | मंगळवार, दुपारी २:५१

चालेल. पण सहा महिन्यांनी जो नवीन मुलगा "खुर्ची बदला" फीचर लिहील त्याला सॉर्टचं कोण सांगणार? तुमची बदली झालेली असेल.

ओंकार_डी | मंगळवार, दुपारी २:५३

हा मुद्दा बिनतोड आहे.

जुनं_खोड | मंगळवार, दुपारी ४:१०

धागा वाचनखूण साठवला. अडकलेल्या सर्व्हरवर काय करायचं ते सांगून ठेवतो: रीस्टार्ट करायच्या आधी जेस्टॅक (थ्रेड डंप काढणारं जावाचं टूल) चालवा. जावाच्या सिंक्रोनाइज्डमधला डेडलॉक असेल तर डंपच्या तळाशी कोणता थ्रेड कोणाचं लॉक धरून आहे ते स्वच्छ छापून येतं. ऑपरेशनवाले घाईघाईत आधी रीस्टार्ट करतात आणि पुरावा जातो.

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री १०:१७

सर्वांचे आभार, आज दिवसभर कोडमध्येच होतो. दोन मेथडची एक केली. तीन अवस्था केल्या, मुदत आठ मिनिटं. पेमेंट लॉकच्या बाहेर काढलं. मुदत उलटल्यावर पैसे परत करायची वाट लिहिली, खरंच नव्हती. सातारकर, "किती खपली" वाली मेथड होती आणि लॉक नव्हतं. टेस्टमध्ये सगळे थ्रेड काउंटडाउन लॅचवर थांबवून एकदम सोडतो, आता रात्रभर चालवली तरी एका खुर्चीला एकच ग्राहक.

@डीबीए_काका, तुमचं उत्तर राहिलंच. प्रॉडक्शनला दोन पॉड (ॲप्लिकेशनच्या दोन वेगळ्या प्रती) आहेत, पुढे त्यांच्यात ग्राहक वाटून देणारा लोड बॅलन्सर.

डीबीए_काका | मंगळवार, रात्री १०:२४

मी कालपासून याच उत्तरासाठी बसलोय.

दोन पॉड म्हणजे दोन जेव्हीएम (जावा कोड चालवणारं यंत्र), दोन हॅशमॅप, दोन लॉक. जोशी एका पॉडवर, कुलकर्णी दुसऱ्यावर. दोघांना आपापल्या पॉडचं लॉक लगेच मिळेल, कारण तिथे दुसरं कोणी नाहीच. तुमची नवी मेथड कितीही शुद्ध असली तरी फ-१२ दोनदा विकली जाईल. लॅपटॉपवर दिसणार नाही, तिथे जेव्हीएम एकच.

खुर्च्यांचा शेवटचा खरा हिशोब तुमच्या मॅपमध्ये नाही, टेबलात आहे. मग राखण तिथेच बसवा. अपडेट करताना अट घाला: अवस्था "धरलेली" कर, जिथे नंबर हा आणि अवस्था "रिकामी" किंवा मुदत उलटलेली. किती ओळी बदलल्या ते बघा. एक आली तर खुर्ची तुमची, शून्य आली तर "माफ करा, गेली". आणि त्याच्याखाली तिकिटांच्या टेबलावर प्रयोग क्रमांक आणि खुर्ची या जोडीवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच जोडी दोनदा लिहिता येणार नाही. कोडमध्ये कोणी काहीही घोळ घातला तरी दुसरं तिकीट पडणार नाही.

गंजलेला | मंगळवार, रात्री १०:३८

रेडिसमध्ये (सगळ्या पॉडना सामायिक असा मेमरीतला डेटा साठा) लॉक ठेवलं तर?

डीबीए_काका | मंगळवार, रात्री १०:४९

ठेवा, गर्दी आवरायला बरं असतं. पण त्याला मुदत द्यावी लागते. लॉक घेऊन तुमचा थ्रेड गार्बेज कलेक्शनमध्ये (जावाची मेमरी साफसफाई) थिजला, तेवढ्यात मुदत संपली, दुसऱ्याला लॉक मिळालं, मग पहिला जागा होऊन लिहितो. दोघांनाही वाटतं लॉक आपल्याकडेच. तेव्हा खाली इंडेक्स हवाच.

मृण्मयी_ज | मंगळवार, रात्री ११:०५

काकांचं म्हणणं मान्य, पॉडचा प्रश्न मी विचारायला हवा होता. त्यात एक भर. एकच पॉड असता तरी स्प्रिंगमध्ये एक खाचखळगा आहे: एकाच मेथडला सिंक्रोनाइज्ड आणि ट्रान्झॅक्शनल (डेटाबेसचे बदल एकत्र पक्के करणारं) दोन्ही लावलं तर कमिट, म्हणजे बदल पक्के होणं, मेथड संपल्यावर, स्प्रिंगने मेथडभोवती गुंडाळलेल्या प्रॉक्सीत होतं. लॉक त्याआधीच सुटलेलं असतं. तेवढ्या फटीत दुसरा थ्रेड आत येऊन जुनीच ओळ वाचतो.

@तिसरी_घंटा, मॅप आणि लॉक फेकून देऊ नका, आसनांचा नकाशा पटकन दाखवायला कॅश म्हणून ठेवा. फक्त तो चुकीचा असू शकतो हे धरून चाला. विकायचा निर्णय टेबलाचा.

तिसरी_घंटा | बुधवार, दुपारी १:३०

काका, युनिक इंडेक्स लावायला गेलो. पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) म्हणतं टेबलात आधीच डुप्लिकेट आहेत, बनवत नाही.

डीबीए_काका | बुधवार, दुपारी १:३४

रद्द केलेली तिकिटं त्याच टेबलात ठेवता ना? रद्द झालेली खुर्ची पुन्हा विकली की दोन ओळी होणारच, त्या रास्त आहेत. पार्शल इंडेक्स करा, अवस्था "रद्द" नसलेल्या ओळींवरच. आणि प्रॉडक्शनवर कॉन्करंटली बनवा, नाहीतर इंडेक्स होईपर्यंत टेबलात लिहिणं बंद.

तिसरी_घंटा | बुधवार, दुपारी १:५८

रद्द वगळल्यावरही काही जोड्या उरल्या. बहुतेक होऊन गेलेल्या प्रयोगांच्या आहेत, पण दोन या शनिवारच्या आहेत. नाट्यगृहाच्या मॅनेजरना फोन लावतोय.